बँडमध्ये गाणं आणि स्वतःच्या नावावर गाणं

पॉप गाणं करायचं ठरवलेली मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो: बँडमध्ये जाऊ, की सरळ एकट्यानंच सुरुवात करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी बँडमध्ये जा. मी बरीच वर्षं बँडची गायिका होते आणि आता स्वतःच्या नावावर गाते. एकटीनं उभं राहताना जे जे उपयोगी पडलं, ते बहुतेक सगळं मी बँडमधल्या बाकीच्यांचं काम बघून शिकले. गळा माझा होता. पण ओळ कुठे संपवायची आणि पुढची जागा वाद्यांना कशी मोकळी सोडायची हे मला बेस वाजवणाऱ्यानं दाखवलं, आणि कार्यक्रमाच्या पैशांची वही कशी ठेवायची हे ड्रमरनं. बँडमध्ये असताना जो फक्त स्वतःचं गाणं ऐकतो, त्याला बाहेर पडल्यावर सगळं नव्यानं शिकावं लागतं. तेव्हा वेळही स्वतःचा जातो आणि पैसाही.

जेनेसिस या ब्रिटिश बँडचं उदाहरण मला फार आवडतं. फिल कॉलिन्स १९७० मध्ये तिथे आला तो ड्रमर म्हणून. मुख्य गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला, तेव्हा बाहेरचे पुष्कळ गायक ऐकून झाल्यावर अखेर माइक कॉलिन्सकडेच आला. १९८१ मध्ये त्यानं पहिला एकल अल्बम काढला, तरी बँड सोडला तो १९९६ मध्ये. गॅब्रिएलनं उलट केलं. आधी बाहेर पडला, आणि पहिला एकल अल्बम आला १९७७ मध्ये. दोघांचीही कारकीर्द भरभरून झाली. एक राहून मोठा झाला, एक सोडून. पण एकल अल्बमपर्यंत येताना दोघांच्याही गाठीशी बँडमधली कित्येक वर्षं होती.

पट्टी, जागा आणि माइक

पहिल्या प्रॅक्टिसला काय होतं ते सांगते. गिटारवाला मूळ गाण्याच्या पट्टीत सुरू करतो, कारण त्यानं ते तसंच बसवलेलं असतं. नव्या गायकाला बोलायचा संकोच वाटतो आणि तो ताणून ताणून गातो. हा संकोच पहिल्याच दिवशी सोडा. गाण्याची पट्टी गायकाच्या गळ्यावरून ठरते. ती बदलून मागण्यात कसलाही कमीपणा नाही. माझी कसोटी अशी आहे: गाण्यातला सर्वांत वरचा सूर थकलेल्या गळ्यानं, सलग तीनदा, न ओरडता लागला पाहिजे. ताज्या गळ्यानं घरी एकदा लागला, याला अर्थ नाही. लागत नसेल तर पट्टी अर्धा किंवा एक स्वर खाली घ्या. मात्र त्याच वेळी खालची बाजूही तपासा. पॉप गाण्यात अंतरा बरेचदा बोलल्यासारखा खालच्या सुरांत असतो आणि ध्रुवपद एकदम वर उसळतं. पट्टी फार उतरवली की अंतऱ्याचे शब्द वाद्यांत बुडतात.

वादकांना पट्टी बदलणं किती सोपं किंवा अवघड जातं हेही माहीत असू द्या. कीबोर्डवर एक बटण दाबलं की काम झालं. गिटारला कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून पट्टी वर नेता येते, खाली नाही. खाली न्यायची तर सगळ्या तारा उतरवाव्या लागतात किंवा कॉर्ड बदलून वाजवावे लागतात. गिटारवाल्यांना ई, ए, डी, जी या पट्ट्या प्रिय असतात, कारण मोकळ्या तारा मिळतात आणि वाद्य भरून वाजतं. एवढं ठाऊक असलं की 'मला त्रास होतोय' एवढ्यावर न थांबता 'कॅपो तिसऱ्या घरातून पहिल्या घरात आणू या का?' असं विचारता येतं. अशा गायकाचं वादक ऐकतात.

आता जागा. 'माझा आवाज ऐकू येत नाही' ही प्रत्येक गायकाची तक्रार असते, आणि तिच्यावर पहिला उपाय म्हणून माइकचा आवाज वाढवला जातो. मग गिटारवाला स्वतःचा वाढवतो, ड्रमर जोरात मारतो, आणि गळा तिथेच राहतो. खरं कारण बरेचदा वेगळं असतं. गळा, गिटार आणि कीबोर्डचा उजवा हात एकाच उंचीच्या सुरांत वाजत असतात आणि एकमेकांना झाकतात. कीबोर्डवाल्याला अंतऱ्यात एक सप्तक वर किंवा खाली वाजवायला सांगा, गिटारवाल्याला ध्रुवपदापर्यंत फक्त ठोक्यापुरतं वाजवू द्या. आवाज न वाढवता गळा पुढे येतो. हे मी आमच्या कीबोर्डवाल्याकडून शिकले. तो प्रत्येक गाण्यात आधी गायकाची ओळ ऐकायचा आणि उरलेल्या जागेत काय बसेल ते शोधायचा. पुढे स्वतःची गाणी बसवताना मला सर्वांत जास्त कामाला आली ती हीच सवय.

माइकची ओळख प्रॅक्टिसलाच करून घ्या. स्टेजवरचे बहुतेक माइक समोरचा आवाज घेतात आणि मागचा टाळतात, म्हणून मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या पाठीमागे येईल असा ठेवतात. जाळीचा गोळा मुठीत धरला की मागच्या बाजूच्या फटी झाकल्या जातात, माइक सगळीकडचा आवाज घ्यायला लागतो आणि शिट्टी सुरू होते. दिसायला ती पकड भारी दिसते, आणि म्हणूनच नवे गायक हमखास तशीच धरतात. माइक ओठांजवळ आणला की आवाजाला खालची भरीव बाजू मिळते, दूर नेला की आवाज पातळ होतो. हलक्या ओळी जवळून, मोठा सूर थोडा दूरून. 'प', 'फ', 'भ' यांचा हवेचा झोत सरळ जाळीवर आदळतो, तेव्हा माइक तोंडाच्या रेषेतून किंचित बाजूला धरा.

मुख्य गायकाची जागा मिळाली नाही आणि मागे उभं राहून कोरस गायला सांगितलं, तर ते काम आनंदानं घ्या. कानाची इतकी तयारी दुसऱ्या कशानं होत नाही. दुसऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा, शब्दाचं शेवटचं अक्षर त्याच क्षणी सोडायचं, आपला कंप आवरायचा, आणि सुरात इतकं मिसळायचं की वेगळं ओळखू येता कामा नये. ल्यूथर वॅन्ड्रॉस हा अमेरिकन गायक सत्तरच्या दशकात डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकासाठी कोरस गात होता. त्याचा पहिला एकल अल्बम आला १९८१ मध्ये. शेरिल क्रो ही अमेरिकन गायिकाही स्वतःच्या नावावर गाण्याआधी १९८७ ते १९८९ या काळात मायकल जॅक्सनच्या दौऱ्यावर मागे गात होती.

गळा आणि कान

या भागावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण इथे झालेलं नुकसान नंतर प्रत्येक वेळी भरून निघतंच असं नाही.

स्वरतंतू म्हणजे घशातल्या दोन छोट्या घड्या, लांबी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. मधल्या सीच्या वरचा ए लावला की त्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींवर आदळतात. ताणून गायलं की त्याच जागी पुन्हा पुन्हा मार बसतो. त्यातून सूज येते, पुढे गाठी होतात, आणि कधी एखादी रक्तवाहिनी फुटून तंतूत रक्त उतरतं. ॲडेलला २०११ मध्ये याच कारणासाठी कार्यक्रम रद्द करावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढच्या फेब्रुवारीत ती ग्रॅमीच्या मंचावर पुन्हा गायली. ज्युली अँड्र्यूजच्या बाबतीत १९९७ च्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीचा गाता आवाज परत आलाच नाही. ही दोन्ही नावं मी घाबरवायला सांगत नाही. इतक्या मोठ्या गायिकांनासुद्धा कार्यक्रम थांबवावे लागतात, तेव्हा आपण 'आज गळा बसलाय, आज नाही गाणार' म्हणायला लाजू नये.

आमच्या बँडनं यावर एक नियम केला होता आणि तो मला अजूनही पटतो. बोलताना आवाज फुटत असेल तर गायक गाणार की नाही हे गायकानं ठरवायचं नाही, ड्रमरनं ठरवायचं. गायकाला गायचंच असतं, त्यामुळे त्याचा स्वतःबद्दलचा निर्णय त्या दिवशी भरवशाचा नसतो. एकदा एका मोठ्या कार्यक्रमाच्या सकाळी ड्रमरनं मला थांबवलं आणि गिटारवाल्यानं माझी गाणी खालच्या पट्टीत निभावली. मी तेव्हा चिडले होते. आठवड्याभरात गळा पूर्ण मोकळा झाला. आता मी एकटी गाते, पण हा निर्णय अजूनही माझ्याकडे ठेवलेला नाही. माझ्याबरोबर ध्वनीचं काम करणारी मैत्रीण तो घेते.

रोजच्या गोष्टी साध्या आहेत. गाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गळा हलक्यानं तापवा. मला सर्वांत उपयोगी पडते ती बारीक नळीतून गुणगुणण्याची पद्धत: नळी ओठांत धरायची आणि तिच्यातून सूर खालून वर, वरून खाली सरकवायचा. नळीमुळे मागे हवेचा हलका दाब तयार होतो आणि तंतूंवर आदळण्याचा जोर कमी पडतो. पाणी दिवसभर प्या, कारण प्यालेलं पाणी स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. ते शरीरात मुरून मग तिथे ओलावा येतो. स्टेजवर जाताना गटागटा प्यालेली बाटली त्या कार्यक्रमाला फारशी कामाला येत नाही. गळा बसला असताना कुजबुजत बोलणं ही विश्रांती नाही. गप्प राहणं ही विश्रांती. दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन गाणं टाळा. दुखणं दबल्यावर आपण किती ताणतोय ते कळत नाही, आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्त पातळ झालेलं असताना तंतूत रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीनं तंतू बघून घ्या. शक्य असेल तर एकदा गळा चांगला असतानाही बघून घ्या, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी असतं.

कानांकडे तर बहुतेक जण लक्षच देत नाहीत. कामाच्या जागी आरोग्य कसं जपावं हे बघणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रमजवळ उभं राहिलं की हा आकडा सहज गाठला जातो. संगीतकारांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात. ते सगळे स्वर साधारण सारख्याच प्रमाणात खाली आणतात, त्यामुळे सूर ऐकू येत राहतात. पहिल्या कमाईतून माइक घेण्याआधी ते घ्या.

कागद

गाण्याच्या माणसांना कागदाचा कंटाळा असतो. तरीही सांगते, मी बँडमधून निघाले तेव्हा आमच्यात एकही भांडण झालं नाही, कारण अगदी सुरुवातीला, कुणाला काहीच मिळत नसताना, आम्ही एक पानभर लिहून ठेवलं होतं. काही नसताना वाटणी ठरवणं सोपं असतं.

त्या पानावर काय असावं? सर्वांत आधी बँडचं नाव कुणाचं. जॅक्सन फाइव्ह, म्हणजे मायकल जॅक्सन आणि त्याच्या भावांचा गट, १९७५ मध्ये मोटाउन ही गाण्यांची कंपनी सोडून दुसरीकडे गेले तेव्हा ते नाव त्यांना नेता आलं नाही, आणि पुढे ते 'द जॅक्सन्स' म्हणून गायले. रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडला; नावावरून झालेला वाद १९८७ च्या शेवटी तडजोडीनं मिटला, आणि नाव राहिलेल्यांकडे राहिलं. शुगाबेब्स या गटाची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९९८ मध्ये तिघींनी सुरू केलेल्या त्या गटात २००९ मध्ये मूळची एकही गायिका उरली नव्हती. मूळच्या तिघी २०१२ मध्ये पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांना स्वतःची तीन नावं जोडून वेगळं नाव घ्यावं लागलं. जुनं नाव मिळायला २०१९ उजाडलं.

दुसरं, गाणं कुणाचं. हे नव्या गायकाला कुणी समजावून सांगत नाही. प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल; ती गीतकार-संगीतकाराची. दुसरी म्हणजे ते ध्वनिमुद्रण, ज्याला मास्टर म्हणतात. ते ज्यानं पैसे घातले त्याचं, बहुधा कंपनीचं. तुम्ही कितीही सुंदर गायलात तरी रचनेत तुमचं नाव नसेल तर रचनेचे पैसे तुम्हाला येत नाहीत. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर रचनाकाराला पैसे मिळतात, गायकाला मिळत नाहीत. स्पँडाऊ बॅले या बँडमधल्या गायकासह तिघांनी गाणी लिहिणाऱ्या सहकाऱ्यावर रचनेच्या उत्पन्नातल्या वाट्यासाठी दावा केला आणि १९९९ मध्ये ते हरले. वाटा तोंडी कबूल झाला होता असं त्यांचं म्हणणं होतं. याउलट आर.ई.एम. या बँडनं गाण्यांवर चौघांची नावं सारखीच लावली. तो बँड १९८० ते २०११ टिकला. नव्या बँडला मी हीच पद्धत सुचवते. नाही पटली, तर प्रत्येक गाणं पूर्ण झालं की त्याच दिवशी टक्के लिहून ठेवा. त्या दिवशी कुणी काय केलं हे सगळ्यांना आठवत असतं.

तिसरं, कुणी सोडून गेलं तर काय. पुढच्या कार्यक्रमांचं, सामायिक सामानाचं, खात्यांच्या पासवर्डचं. कंपनीबरोबर करार होत असेल तर त्यात बाहेर पडणाऱ्या सदस्याबद्दल कलम असतं का ते स्वतः वाचा. बरेचदा असतं. बँड सोडला तरी तुमचं एकल काम त्याच कंपनीला देण्याची अट त्यात असू शकते. वकील स्वतःचा घ्या. कंपनीनं सुचवलेला नको, आणि ज्याचं हित तुमच्याहून वेगळं आहे अशा व्यवस्थापकाचाही नको.

बाहेर पडताना

कधी निघावं? मला विचाराल तर बँडवर रागावलेले असताना नाही. रागात घेतलेल्या निर्णयाला गाणी नसतात. पण बँडच्या वाजवण्यात न बसणारी, बँडला दाखवली तर सगळे आदरानं ऐकतात पण वाजवायला हात पुढे येत नाही, अशी पाच-सहा गाणी तुमच्याकडे साठली असतील, तर वेळ आली आहे. माझ्याकडे अशी गाणी होती. शांत, जवळपास बिनतालाची. आमच्या जोरकस बँडमध्ये त्यांना जागा नव्हती, आणि ते कुणाचंही वाईटपण नव्हतं.

निघण्याआधी अंदाज घेता येतो. जॉर्ज मायकलनं व्हॅम! हा त्याचा दोघांचा गट जोरात चालू असताना, १९८४ मध्ये, ब्रिटनमध्ये एक गाणं केवळ स्वतःच्या नावावर काढलं होतं. व्हॅम!चा शेवटचा कार्यक्रम झाला २८ जून १९८६ ला वेम्ब्लीत, आणि पहिला एकल अल्बम आला १९८७ मध्ये. म्हणजे लोकांनी त्याचं नाव वेगळं वाचायची सवय आधीच लावून घेतली होती. तुम्हीही बँडच्या परवानगीनं एखादं गाणं स्वतःच्या नावावर काढा, कुणाच्या गाण्यात पाहुणी म्हणून गा, छोट्या जागी एक गिटार घेऊन अर्धा तास गा.

बँडमधल्यांना मात्र सगळ्यांत आधी सांगा, समोर बसून. बाहेरून कळलं की वर्षानुवर्षांची मैत्री जाते. आणि ठरलेले कार्यक्रम पूर्ण करून निघा.

त्यानंतरचा पहिला काळ बहुतेकांना चकवतो. बँडचे ऐकणारे आपल्याबरोबर येतील असं वाटत असतं, पण फार थोडे येतात. स्ट्रीमिंगवर तुमचं नवं पान शून्यापासून सुरू होतं. तीस सेकंद ऐकलं गेलं की स्पॉटिफाय एक ऐकणं मोजतं, आणि २०२४ पासून तिथे एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० ऐकणी नसतील तर त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून पहिलं वर्ष ध्वनिमुद्रणाच्या कमाईवर काढायचं ठरवू नका. रॉबी विल्यम्स १९९५ मध्ये टेक दॅटमधून निघाला तेव्हा तो गट ब्रिटनमधल्या सर्वांत लोकप्रिय गटांपैकी होता. तरी १९९७ मध्ये आलेला त्याचा पहिला एकल अल्बम सुरुवातीला मंद चालला. त्यातलं वेगळं काढलेलं चौथं गाणं लोकांनी उचललं आणि मग अल्बम १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तिसऱ्या गाण्यानंतरच थांबला असता. पहिलं एकल गाणं चाललं नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. किमान चार गाणी तयार ठेवूनच पहिलं बाहेर काढा.

आवाज कसा असावा, हा मोठा प्रश्न. बँडसारखंच वाजवलं तर लोक म्हणतात, मग बँड का सोडला? सगळं बदललं तर जुने ऐकणारे गोंधळतात. मी बदलण्याच्या बाजूची आहे. आइसलंडची गायिका ब्योर्क हिचा शुगरक्यूब्स हा गिटारचा बँड १९९२ मध्ये थांबला आणि पुढच्याच वर्षी ती इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या अंगाचा अल्बम घेऊन आली. द पोलीस या तिघांच्या रॉक बँडमधला स्टिंग १९८५ मध्ये जॅझ वादक घेऊन उभा राहिला. दोघांचाही गळा ओळखीचा राहिला, भोवतीचं सगळं नवं झालं. तुमचा गळा हाच दुवा आहे, तो पुरतो. मात्र असं करताना एक निर्माता असा हवा की जो तुम्हाला 'हा टेक पुन्हा घे' म्हणू शकेल. बँडमध्ये हे काम चार जण करत असतात आणि आपल्या लक्षातही येत नाही. एकट्यानं काम करताना 'नाही' म्हणणारं माणूस पैसे देऊन का होईना, पण शोधून आणावं लागतं.

आणि वादक. बँडमध्ये सगळे भागीदार असतात, एकल गायकाचे वादक कामावर आलेले असतात. हा फरक मनात स्वच्छ ठेवा. त्यांना आठवडाभर आधी गाण्यांची ध्वनिमुद्रणं, पट्ट्या आणि कॉर्ड लिहून पाठवा. किती प्रॅक्टिस, किती वेळ, किती मानधन हे आधी सांगा. प्रॅक्टिसचेही पैसे द्या. प्रवास आणि जेवण तुमच्याकडे. मानधन कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री द्या, आयोजकाकडून तुम्हाला मिळालेलं असो वा नसो. चांगला वादक कुणाकडे पुन्हा यायचं हे यावरूनच ठरवतो. तुमची चाल सुधारणारी एखादी कल्पना त्यानं दिली आणि ती रचनेत गेली, तर त्याचं नाव आणि टक्के तिथेही लावा.

पहिले एकल कार्यक्रम छोट्या जागी करा, साधारण चाळीस मिनिटांचे. सर्वांत वरच्या पट्टीची दोन गाणी लागोपाठ ठेवू नका, आणि पहिलं गाणं असं निवडा की ते गाता गाता मॉनिटर, माइक, गळा सगळं तपासून होईल. गाण्यांच्या मधे बोलायचं काय हेही बसवून घ्या. बँडमध्ये तारा लावेपर्यंत कुणीतरी बोलतं. आता ती शांतता तुमची असते.

बँडची गाणी गायची का, हे लोक मला फार विचारतात. त्या पानावर परवानगी असेल तर गा, पण दोनच, आणि वेगळी बसवून. मी एक फक्त पियानोवर गाते आणि दुसरं संथ लयीत, दीड स्वर खाली. जुन्या बँडला पुन्हा एकत्र यायचं असेल, तर त्यालाही दार उघडं ठेवा. रॉबी विल्यम्स २०१० मध्ये टेक दॅटबरोबर परत अल्बम करायला गेला, आणि द पोलीस २००७-०८ मध्ये पुन्हा जगभर फिरला. आमचा बेस वाजवणारा आता माझ्या कार्यक्रमांत वाजवतो, बाकीच्यांइतक्याच मानधनावर. आणि अजूनही एखादी ओळ मी नको तितकी लांबवली की प्रॅक्टिस थांबवून तो मला ती तोडायला सांगतो.